मिडफिल्डर: बॉल येण्याआधीचे दोन सेकंद आणि पुढची पंधरा वर्षं

आझाद मैदानावर शाळांच्या मॅचेस चालू असतील तेव्हा एकदा कडेला उभं राहून बॉलकडे बघायचंच नाही असं ठरवा. डिफेन्ससमोर उभा असलेला, जुने लोक ज्याला लिंकमन म्हणायचे, तो मुलगा शोधा आणि फक्त त्याच्या मानेकडे बघा. स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या डिफेंडरच्या, पायात बॉल आहे, पास आता याच्याकडेच येणार आहे. तेवढ्या वेळात हा किती वेळा मागे वळून बघतो ते मोजा. बहुतेक मुलांचा आकडा शून्य येतो. बॉल येतो, पोरगा तो छान थांबवतो, वळायला जातो आणि मागून आलेला कुणीतरी पाय घालून बॉल घेऊन जातो. बाहेरून कोच ओरडतात, "अरे, मागे मॅन आहे!" पण तोवर बॉल गेलेला असतो.

मिडफिल्डरची सगळी कारकीर्द या एका सवयीवर उभी राहते, असं माझं ठाम मत आहे. वेग, ताकद, लांबून मारलेला शॉट हे सगळं हवंच. पण ते कमीजास्त असलं तरी माणूस दहा-बारा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळू शकतो. मागे न बघणारा मधल्या फळीत टिकत नाही. त्याला कोच विंगवर ढकलतात, तिथून बेंचवर.

साधा हिशेब आहे. पंधरा मीटरचा, जमिनीलगतचा कडक पास साधारण सव्वा सेकंदात पोचतो. तुमच्या पाठीमागचा प्रतिस्पर्धी पाच-सहा मीटरवर असेल आणि पास सुटताक्षणी धावला, तर तोही त्याच वेळी तुमच्यापाशी पोचतो. म्हणजे तो पाच मीटरवर असेल तर वळायचं नाही, एका टचमध्ये बॉल परत द्यायचा. दहा मीटरवर असेल तर पहिल्या टचलाच वळायचं. निर्णय इतका सोपा आहे, पण तो घ्यायला आकडा आधी माहीत हवा आणि आकडा पाठीमागे आहे.

मान फिरवायचीही वेळ असते. बॉल एका साथीदाराकडून दुसऱ्याकडे जात असतो तेव्हा तो कुठे पोचणार हे ठरलेलं असतं, त्यामुळे डोळे मोकळे असतात. तेव्हा एक नजर डाव्या खांद्यावरून टाकायची, एक उजव्या. पास देणाऱ्यानं पाय मागे नेला की डोळे त्याच्या पायावर, कारण पास कसा सुटतो ते बघावंच लागतं. पास अर्ध्या वाटेवर आला की आणखी एक छोटी नजर मागे. ही शेवटची नजर सगळ्यांत अवघड, कारण बॉल येत असताना त्याच्यावरून डोळे काढायची भीती वाटते. नॉर्वेचे संशोधक गेइर यूर्डेट यांनी प्रीमियर लीगच्या खेळाडूंचे व्हिडिओ घेऊन हेच मोजलं होतं: बॉल मिळण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात त्यांचे पास जास्त यशस्वी होतात, पुढच्या दिशेचे पाससुद्धा.

बघितल्यानंतर अंगाचा कोन. स्टॉपरकडे छाती करून सरळ उभं राहिलं की अर्धं मैदान पाठीमागे जातं. कंबर साधारण पंचेचाळीस अंशांत उघडी ठेवायची, एक खांदा पास देणाऱ्याकडे, दुसरा समोरच्या गोलकडे. बॉल जवळच्या पायानं घ्यायचा नाही. तो अंगासमोरून जाऊ द्यायचा आणि लांबच्या पायाच्या आतल्या बाजूनं घ्यायचा. तो टच मेला नाही पाहिजे, दीड-दोन मीटर पुढे, मोकळ्या बाजूला गेला पाहिजे. एकाच पायानं खेळणारी मुलं इथे उघडी पडतात. उजव्या पायाचा मुलगा उजव्या बाजूनं आलेला पासही उजव्याच पायानं घ्यायला अंग फिरवतो आणि स्वतःच्या गोलकडे तोंड करून बसतो. चांगला विरोधी कोच हे पहिल्या दहा मिनिटांत हेरतो आणि आपल्या माणसाला सांगतो, याला त्याच बाजूनं बॉल मिळू दे आणि मग दाब.

सरावाला तीन माणसं पुरतात. एक बारा-पंधरा मीटरवरून पास देणारा, मध्ये तुम्ही, तिसरा तुमच्या मागे दहा मीटरवर. पास सुटण्याआधी तिसरा बोटं वर करतो. बॉल पायाला लागण्याआधी तुम्ही आकडा मोठ्यानं सांगायचा आणि बॉल त्याच्याकडे वळवायचा. पुढच्या टप्प्यात तिसरा कधी जागेवर थांबतो, कधी तुमच्यावर धावून येतो. थांबला तर वळा, आला तर परत द्या. सहा मिनिटं केलं की दोन मिनिटं विश्रांती, असे तीन फेरे. त्याहून लांबवलं की लक्ष उडतं आणि मुलं न बघताच अंदाजानं आकडे सांगायला लागतात. मग नुसती मान हलते, डोळे काही टिपत नाहीत.

मुंबईच्या मुलांची अडचण इथेच सुरू होते. आपल्याकडे खेळायला मिळतं ते बहुतेक टर्फवर, तासाच्या भाड्यानं, चारी बाजूंनी जाळी, पाच विरुद्ध पाच. त्यातून पाय फार सुरेख होतात. छोट्या जागेत बॉल लपवणं, वन-टू, तळव्यानं बॉल ओढणं यांत आपली पोरं कुठेही कमी नाहीत. पण टर्फवर सगळं मैदान एका नजरेत मावतं, त्यामुळे मान फिरवायची गरजच पडत नाही. बॉल जाळीला लागून परत येतो, तेव्हा चुकीच्या पासची किंमत कळत नाही. तीस मीटरचा तिरका पास, हवेतला बॉल, ऑफसाइडची रेषा यांतलं काही तिथे नसतं. मग तोच मुलगा 105 बाय 68 मीटरच्या मैदानावर अकरा जणांत उतरतो आणि हरवतो. घरचे म्हणतात, टर्फवर तर हा सगळ्यांना नाचवतो. नाचवतो, खरंच. पण तो खेळ वेगळा आहे. चौदा वर्षांच्या पुढच्या मुलाला आठवड्यातून निदान दोन वेळा पूर्ण मैदान मिळालंच पाहिजे, मग ते परळचं सेंट झेवियर्स असो, क्रॉस मैदान असो की बांद्र्याचं नेव्हिल डिसूझा मैदान. (1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारे हेच ते आपल्या मुंबईचे नेव्हिल डिसूझा. आज तिथे खेळणाऱ्या मुलांना निदान एवढं तरी माहीत असावं.)

पावसाळ्यातलं मैदान दुसरीच विद्या शिकवतं आणि ती मी कमी लेखणार नाही. जुलैत डबकं साचलेल्या मैदानावर जमिनीवरचा पास अर्ध्यात मरतो. बॉल वरून येतो, दोघं हेडरला उडतात आणि सगळा खेळ तिथून पडणाऱ्या बॉलवर, म्हणजे सेकंड बॉलवर, ठरतो. कच्चा मिडफिल्डर त्या दोघांच्या बुडाशी जाऊन उभा राहतो. जाणता आठ-दहा मीटर मागे थांबतो, कारण हेडर झालेला बॉल तिथेच येऊन पडतो. चिखलासाठी लांब, सुटे स्टड असलेले बूट बरे. पण तेच बूट, किंवा कडक मैदानाचे ब्लेडवाले बूट, कृत्रिम टर्फवर घालू नका. ब्लेड गवतात अडकतं, पाय जागेवर राहतो, अंग वळतं आणि गुडघा मध्ये सापडतो. टर्फला छोट्या रबरी खिळ्यांचे बूट वेगळे घ्या. दोन जोड्या परवडत नाहीत अशी घरं खूप आहेत. तिथे आधी टर्फचा जोड घ्या, कारण जास्त खेळ तिथेच होतो.

गुडघ्याचा विषय निघालाच आहे, तर एसीएलबद्दल, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या मुख्य अस्थिबंधाबद्दल. ऑपरेशननंतर पूर्ण खेळात परत यायला नऊ महिने हा किमान काळ धरायचा आणि तोही दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी झाली तरच. सहाव्या महिन्यात पळताना काही दुखत नाही, म्हणून पोरं टर्फवर जातात आणि तोच गुडघा पुन्हा फाटतो. मिडफिल्डरच्या अंगावर दुसरा घाला पडतो तो जांघेत. सतत वळणं, आडवे पास, थांबून पुन्हा पळणं यांमुळे मांडीच्या आतल्या स्नायूंवर ताण येतो. फिफाचा 11 प्लस नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप फुकट उपलब्ध आहे. आधी आठ मिनिटं पळण्याचे प्रकार, मग दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगात धावणं. आठवड्यातून दोन-तीनदा नेमानं केला तर दुखापती स्पष्टपणे कमी होतात. जांघेसाठी त्याला कोपनहेगन व्यायाम जोडा: कुशीवर आडवं व्हायचं, वरचा पाय जोडीदारानं धरायचा, कंबर उचलायची आणि खालचा पाय वरच्या पायाला नेऊन लावायचा. सुरुवात प्रत्येक बाजूला पाच वेळा. पहिले चार दिवस जांघ ठणकते, तिथेच बरेच जण सोडून देतात.

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याखाली हाडाला टेंगूळ येऊन दुखत असेल तर तो बहाणा करत नाहीये. हाड वाढतंय आणि स्नायू ते ओढतोय. दोन-तीन टीममधून एकाच वेळी खेळत असेल तर एक टीम बंद करा.

व्यावसायिक मिडफिल्डर एका मॅचमध्ये दहा ते बारा किलोमीटर अंतर कापतो, त्यातलं बरंचसं चालत आणि हळू पळत, मध्ये मध्ये दहा-वीस मीटरच्या झेपा. ऑक्टोबरच्या उकाड्यात मॅचच्या आधी आणि नंतर वजन करून बघा. एक किलो घटलं म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी गेलं. पुढच्या काही तासांत दीड लिटर परत जायला हवं आणि त्यात मीठ हवं. एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पुडी किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत उत्तम. महागड्या निळ्या-हिरव्या बाटल्यांची गरज नाही. मॅचच्या तीन तास आधी वरणभात आणि एक केळं. मैदानाबाहेरचा वडापाव मॅचनंतर. तळलेलं पोटात रेंगाळतं आणि पहिल्या हाफमध्ये पाय जड होतात.

जागेबद्दल बोलायचं तर नंबर सहा डिफेन्ससमोरचा, नंबर आठ दोन्ही बॉक्समध्ये ये-जा करणारा आणि दहा स्ट्रायकरच्या मागचा. प्रत्येक पोराला दहा व्हायचं असतं. पण मधल्या फळीतल्या लांब कारकिर्दी बघितल्या तर माणूस वयाबरोबर मागे सरकत गेलेला दिसतो. इटलीचा आंद्रेआ पिर्लो सुरुवातीला दहा नंबरच्याच जागेवर खेळायचा आणि इंटर मिलानमध्ये त्याला जागा मिळेना. 2001 मध्ये ब्रेशा क्लबकडे लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, गेला. तिथे दहाची जागा रॉबेर्तो बाज्जोची, म्हणून कोचनं त्याला खाली, डिफेन्ससमोर खेळवलं. पुढे एसी मिलानमध्ये तो तिथेच स्थिरावला आणि 2006 चा वर्ल्ड कप त्याच जागेवरून जिंकला. जर्मनीचा श्वाइनश्टायगर विंगर होता, 2009-10 मध्ये बायर्न म्युनिकमध्ये कोच लुई व्हान गालनं त्याला मध्ये आणलं. क्रोएशियाच्या मोड्रिचला बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, 2018 मध्ये मिळाला, तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता. पाय विशीत असतात तसे तिशीत राहत नाहीत, नजर मात्र राहते, उलट वाढते. पण ती आधी कमावलेली असावी लागते. तिशीत मान फिरवायला शिकता येत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण हवं तर इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) मुंबई सिटी क्लबचा 2020-21 चा हंगाम. लीगमध्ये पहिलं येण्याची शील्ड आणि फायनलचा कप दोन्ही जिंकले, सगळ्या मॅचेस गोव्यात रिकाम्या स्टेडियममध्ये झाल्या आणि टीमचा खेळ फिरायचा तो अहमद जाहू या मोरोक्कन सहा नंबरभोवती. तो फारसा पळताना दिसायचा नाही, पण विंगवर जाणारा त्याचा लांब तिरका पास बॉल पायात यायच्या आधीच ठरलेला असायचा. त्याच हंगामात मिझोरमचा अपुइया वीस वर्षांचा असताना नॉर्थईस्ट युनायटेड क्लबचा कॅप्टन झाला आणि पुढच्या वर्षी मुंबईत जाहूच्या शेजारी खेळायला आला. अंधेरीच्या स्टेडियममध्ये मॅच बघायला जाल तेव्हा स्वस्त मिळतं म्हणून नव्हे, तर मुद्दाम वरच्या रांगेचं तिकीट काढा. मिडफिल्डर टीव्हीवर कळत नाही. कॅमेरा बॉलमागे जातो आणि बॉल नसतानाचं त्याचं सगळं काम चौकटीबाहेर राहतं.

इथपर्यंत जायची वाट मुंबईतून अशी: शाळेकडून एमएसएसएच्या, म्हणजे मुंबईच्या शालेय क्रीडा संघटनेच्या, मॅचेस, मग मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या, म्हणजे पूर्वीच्या एमडीएफएच्या, लीगमधला एखादा क्लब किंवा अकादमी, युवा लीग, एकवीस वर्षांखालच्यांची रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग आणि तिथून राष्ट्रीय लीगच्या खालच्या पायऱ्या किंवा आयएसएल. प्रत्येक पायरीवर एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, ऑनलाइन प्रणालीत नोंदणी लागते आणि मुलं अडतात ती कागदांवर. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्येच गायब. मूल दहा वर्षांचं असतानाच तिन्ही कागदांवर एकच नाव, एकच स्पेलिंग करून घ्या. जन्मदाखला जन्मानंतर लगेच नोंदवलेला असेल तर उत्तम, उशिरा काढलेल्या दाखल्याकडे संशयानं बघतात. वय कमी दाखवायच्या भानगडीत पडू नका. मनगटाच्या हाडाच्या तपासणीत ते उघडं पडतं आणि मुलाची उमेदीची वर्षं बंदीत जातात.

वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा आपल्याच गटात जवळजवळ वर्षानं लहान असतो. अंगानं छोटा म्हणून त्याला मधून काढून विंगवर टाकतात. अशा मुलाच्या पालकांनी धीर धरावा आणि कोचकडे एकच मागणं करावं: आठवड्यातला एक सराव तरी त्याला मध्ये खेळू द्या. दमदार मुलांमध्ये टिकायला त्याला आधी बघावंच लागतं. सतरा-अठराव्या वर्षी अंग भरतं, तेव्हा ही सवय त्याच्या पदरी असते.

ट्रायलला चाळीस मुलं असतात आणि तुमच्या वाट्याला वीस मिनिटं येतात. तेवढ्यात तिघांना ड्रिबल करून दाखवायची घाई होते आणि तिथेच मिडफिल्डर जातो. पहिले तीन बॉल साधे, योग्य वजनाचे, साथीदाराच्या लांबच्या पायात द्या. बोला: "टर्न", "टाइम आहे", "मॅन ऑन". बॉल गेला की पहिले पाच सेकंद तुम्ही काय करता हे निवडणारा नक्की बघतो. फॉर्मवर खरी जागा लिहा. "कुठेही खेळतो" लिहिलं की कुठेच धरत नाहीत. निवड झाल्याचं सांगून आधी मोठी रक्कम मागणारा भेटला, तर घरी परत या.

करार हाती आला की मात्र सावकाश वाचा. अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा करार फिफाच्या नियमानुसार तीन वर्षांहून लांब नसतो, मोठ्यांचा सामान्यतः पाच. "मेडिकल पास झालं तरच करार लागू" असं कलम असेल तर ते नियमात बसत नाही, मेडिकल सहीच्या आधी व्हायला हवं. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी मोकळेपणानं बोलता येतं. दोन महिन्यांचा पगार थकला, तर क्लबला लेखी नोटीस देऊन निदान पंधरा दिवसांची मुदत द्यायची. तरी पैसे आले नाहीत तर करार रास्त कारणानं मोडता येतो. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस मेसेजवर केलेली विनवणी नोटीस ठरत नाही. पत्र ईमेलनं पाठवा आणि जपून ठेवा. तक्रार एआयएफएफच्या प्लेयर्स स्टेटस कमिटीकडे जाते. खेळाडूंची संघटना, फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया, तिथे मदत मागता येते. आणखी दोन गोष्टी विचारा. दुखापतीच्या काळात पगार पूर्ण मिळणार का आणि ऑपरेशनचा खर्च कुणाचा? आणि हंगाम पुढे ढकलला तर काय? हा प्रश्न हवेतला नाही. 2025 चा आयएसएल हंगाम नेहमीच्या वेळी सुरूच झाला नाही आणि महिनोन्‌महिने खेळाडू तारखेची वाट बघत राहिले.

म्हणूनच रेल्वे, कस्टम्स, इन्कम टॅक्स, बँका यांच्या खेळाडू कोट्यातल्या नोकरीकडे नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. तेविसाव्या वर्षापर्यंत वरच्या दोन लीगमध्ये सलग मिनिटं मिळत नसतील, तर अशी नोकरी आणि संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची स्पर्धा, ही सन्मानाची कारकीर्द आहे. कूपरेजवर आयुष्यभर ताठ मानेनं खेळलेली कितीतरी माणसं याच वाटेनं गेली. उलट तेविसाव्या वर्षी मोठ्या क्लबच्या बेंचवर बसून राहणं मिडफिल्डरला फार महाग पडतं. स्ट्रायकर दहा मिनिटांत गोल करून नजरेत भरतो. मधल्या माणसाला मॅचची लय सापडायलाच वीस मिनिटं लागतात. त्या वयात लोनवर खालच्या लीगमध्ये जाऊन पूर्ण नव्वद मिनिटं खेळलेलं बरं. एन्गोलो कांते वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत फ्रान्सच्या हौशी फुटबॉलमध्येच होता. पुढे 2016 मध्ये लेस्टरबरोबर आणि 2017 मध्ये चेल्सीबरोबर तो इंग्लंडचा विजेता झाला.

खेळणं थांबल्यावर कोचिंगकडे वळणाऱ्यांत मिडफिल्डर पुष्कळ असतात, कारण मैदान बघायची सवय असते. पण लायसन्स एकदम मिळत नाही. डी, सी, बी, ए आणि मग प्रो, प्रत्येक पायरीनंतर प्रत्यक्ष टीम हाताळायला लागते, त्यात वर्षं जातात. त्यामुळे पहिली पायरी अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी, खेळत असतानाच चढा, आणि संध्याकाळी शेजारच्या मैदानावर बारा वर्षांखालची एक टीम घ्या. खालिद जमील महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून मधल्या फळीत खेळले, कारकीर्द दुखापतींनी कुरतडली. 2009 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, ते त्याच मुंबई एफसीचे कोच झाले. 2017 मध्ये त्यांच्या हाताखाली मिझोरमच्या ऐझॉल क्लबनं आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशाची राष्ट्रीय लीग, जिंकली आणि ऑगस्ट 2025 मध्ये भारताची टीम त्यांच्याकडे आली.